नवऱ्याची सही कुठल्या कायद्यात लिहिलीय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली, गेली वीस वर्षं इथेच संसार केलाय आणि पेपरात पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. विषय बायकांचा आहे, गर्भपाताचा, काहींना तो पेपरात नको वाटेल, तरी छापा.

माझी धाकटी जाऊ, पदरात दोन मुलं, दीर बोटीवर. ती दिवस राहू नयेत म्हणून अंतराचं इंजेक्शन घेत होती, दर तीन महिन्यांनी, पण ऐन पावसात एक डोस लांबला आणि दिवस राहिले. दीर तोवर जहाजावर परत गेलेले. दोघांनी फोनवर बोलून ठरवलं की तिसरं मूल नको. सातवा आठवडा होता. मी म्हटलं चल, मी येते सोबत, एका दिवसात काम होईल.

पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी कागद बघितला न बघितला आणि म्हणाले, मी हे करत नाही, माझ्या श्रद्धेत बसत नाही. ठीक आहे, तोंडावर सांगितलं. पण मग कुठे जायचं, कोण करतं, तर एक शब्द नाही, बेल मारून पुढचा पेशंट आत. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे सरकारी, तिथल्या सिस्टरने पॅसेजमध्येच मोठ्याने विचारलं, नवरा कुठाय, सही कोण करणार? बाकावर आठ-दहा बायका बसलेल्या, त्यातल्या दोन आमच्याच वाडीतल्या. जावेने मोबाईल पुढे केला, म्हणाली व्हॉट्सअ‍ॅपवर बोला त्यांच्याशी, तर सिस्टरने केसपेपरवर तळहात ठेवला आणि म्हणाली, देवाने दिलंय ते नाकारू नये बाई, पुढच्या आठवड्यात मॅडम आल्या की बघू. पुढच्या आठवड्यात मॅडम रजेवर. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच, सही आणा. नांदगाव तिठ्यावर एसटीची वाट बघत पावसात उभ्या होतो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, आता खंय जावचा?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं. तोवर नऊ आठवडे उलटून गेलेले, म्हणजे जे गोळ्यांनी झालं असतं त्याला क्युरेटिंग करावं लागलं, भूल, एक रात्र मुक्काम, खर्च वेगळा, आणि घरी दोन मुलं सासूबाईंच्या गळ्यात.

मग मी शोधाशोध केली, आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलं. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात नवऱ्याची सही कुठेच मागितलेली नाही. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते, फक्त अठराच्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असेल तर पालकाची लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, त्यापुढे २४ पर्यंत काही ठराविक बायकांसाठी दोन डॉक्टरांचं. २०२१ च्या दुरुस्तीने तर गर्भनिरोधक फेल गेल्याच्या कलमातला "विवाहित" शब्दही काढला. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं की अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत तोच हक्क, आणि कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. आणि बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मग त्या पॅसेजमधल्या बाकाचं काय?

श्रद्धेचं म्हणाल तर मीसुद्धा संकष्टी धरते, श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत सरळ लिहिलंय की वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या कारणावरून नसबंदी, संततिनियमन, गर्भपात याला डॉक्टरने नकार द्यायचा नाही, स्वतःला ते काम जमत नसेल तर गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्यात मन मानत नसेल तर डॉक्टरला सूट आहे, तीसुद्धा बाईचा जीव धोक्यात असेल तर नाही. आपल्या कायद्यात तशी सूटच लिहिलेली नाही, पण इथे तोंडी तोंडी चालते, कागदावर काहीच येत नाही त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार.

हे कुठवर जातं ते बेळगावच्या सविता हलप्पनवारने दाखवलं. आंबोली चढलं की बेळगाव, म्हणजे आपल्या शेजारचीच मुलगी, दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये गॅलवेला राहायची. २०१२ साली सतरा आठवड्यांवर तिचा गर्भ पडायला लागला, वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं, तिने गर्भपात करा म्हणून मागणी केली, पण बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून केला नाही, तिथला कायदाच तसा होता. रक्तात जंतू पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. ३१ वर्षांची. तिथल्या लोकांनी २०१८ च्या मे महिन्यात मत देऊन घटना बदलली. आपल्याकडे कायदा आधीच बदललेला आहे, १९७१ पासून, आणि तरी बाई दारोदार फिरते.

आणखी एक घोळ आहे. भिंतीवर स्त्रीभ्रूणहत्येची पोस्टरं बघून बऱ्याच जणांना, सिस्टर लोकांनासुद्धा, वाटतं की गर्भपात म्हणजेच गुन्हा. गुन्हा आहे तो लिंगतपासणीचा, तो १९९४ चा वेगळा कायदा, आणि तो हवाच. सात आठवड्यांत मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत दिसतही नाही.

र. धों. कर्वे आपल्याच कोकणातले, दापोलीजवळच्या मुरुडचे. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली, कोर्टकचेऱ्या झाल्या. जे पटलं त्याची किंमत त्या माणसाने स्वतः भरली. इथे श्रद्धा डॉक्टरची आणि किंमत भरते माझी जाऊ, ही कुठली रीत?

जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना माझं मागणं आहे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या मराठी अक्षरात बोर्ड लावा: सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही लागत नाही. कुठल्या वारी कोण डॉक्टर हे काम करतात ते खाली लिहा. आणि जो नाही म्हणेल त्याने कारण लिहून, सही करून, दुसरीकडची चिठ्ठी त्याच दिवशी हातात द्यावी. आठवडा मोजून चालतं हे सगळं, "पुढच्या सोमवारी या" म्हणणं म्हणजे नकारच आहे.

धाकटीने परवानगी दिली म्हणून एवढं लिहिलं. तिचं आणि माझं नाव मात्र छापू नका, वाडी लहान आहे.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग