म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांत कुत्र्यांविषयी येणारा मजकूर बहुधा भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाचा, नाहीतर पिल्लू घेताना घ्यायच्या काळजीचा असतो. दहा-बारा वर्षे घरात वावरलेल्या कुत्र्याचे मागचे पाय लटपटू लागले की काय करावे, हे क्वचितच वाचायला मिळते. ‘वय झालं आता त्याचं’ एवढ्यावर बहुतेक घरांत निकाल लागतो आणि पुढे इंजेक्शन देऊन त्याला कायमचे झोपवण्याची चर्चा सुरू होते. वयाबरोबर पाय थकतात हे खरेच. पण या एका लक्षणामागे निरनिराळे आजार असतात आणि त्यांतले काही चांगले आटोक्यात येतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्रास कसा सुरू झाला हे घरच्यांनी नीट सांगितले, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा वाढीच्या वयापासून सैल राहिलेला असेल, तर तिथे पुढे संधिवात जडतो. असा कुत्रा सकाळी उठताना अवघडतो, जिना टाळतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. डॅशहंडसारख्या बुटक्या, लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे अंग मणक्यातली गादी सरकल्याने एका रात्रीत लुळे पडले, तर मात्र तेल चोळत बसू नये, कारण अशा वेळी शस्त्रक्रिया लागलीच तर ती लवकर व्हावी लागते. मज्जारज्जू हळूहळू झिजण्याचा आजार याहून फसवा. तो साधारण आठ वर्षांनंतर, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये दिसतो आणि त्यात दुखत नसल्याने कुत्रा कण्हत नाही. फिरायला नेल्यावर मागची नखे रस्त्यावर घासल्याचा खर्रखर्र आवाज येतो आणि मधल्या दोन नखांची वरची बाजू झिजलेली आढळते. कुत्र्याला आधार देऊन उभे करावे आणि मागचा पंजा उलटा करून जमिनीला टेकवावा. निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो. तो तसाच राहिला, तर बिघाड सांध्यापेक्षा मज्जासंस्थेत असण्याची शक्यता अधिक. झीज थांबवणारे औषध नाही, पण रोजच्या बेताच्या व्यायामाने चालणे अधिक काळ टिकवता येते. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असल्यामुळे गोचीडतापही विसरून चालणार नाही. त्यातही पाय धरतात, आणि तो औषधांनी बरा होऊ शकतो.

संधिवातात औषधाइतकेच महत्त्व वजन उतरवण्याला आहे, आणि इथेच आपली माया आड येते. तूप लावलेली पोळी आणि चहाबरोबरची बिस्किटे बंद करायला कोणी धजत नाही. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात पाव हिस्सा कमी खाणे मिळालेली कुत्री जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा झाला. दुसरी माया गोळीची. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (औषध दिलेली गुरे मेल्यावर ती खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठलेले हेच डायक्लोफिनॅक 2006 साली गुरांसाठी बंद झाले, आपल्या कपाटातले कोण बंद करणार?) कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात आणि तीही पशुवैद्यांनीच वजन पाहून ठरवायची असतात.

घरातला मोठा शत्रू म्हणजे चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. भांड्यातले पाणी पिता पिता मागचे पाय इंच इंच फाकत जातात आणि कुत्रा बसकण मारतो. एकदा असे झाले की तो उठायलाच कचरतो. पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत न सरकणाऱ्या रबरी मॅट अंथरल्या, पंजाच्या गादीमधले केस आणि वाढलेली नखे कापली आणि उठवताना पोटाखालून पंचा घालून आधार दिला, तर पुष्कळ फरक पडतो.

राहता राहिला जिना. ज्याचे मागचे पाय गेले आहेत त्या कुत्र्याला लिफ्टबंदीमुळे चौथ्या मजल्यावरून उचलून खाली आणणारी वयस्क मंडळी अनेक सोसायट्यांत दिसतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, की त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. सोसायट्यांच्या कार्यकारिणींनी येत्या सभेत हा विषय घ्यावा आणि निदान आजारी, वृद्ध कुत्र्यांपुरता तरी लिफ्टवरचा कुत्र्यांना मनाई करणारा फलक उतरवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे