ऊन आहे, पण पंखा बंद!

'पीएम सूर्यघर' योजनेतून गच्चीवर ३ किलोवॉटची सौर पॅनेल बसवली. ७८ हजारांचे अनुदानही खात्यात आले. पण परवा भर दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला! पॅनेलची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून, पॅनेलची वीज घराला नि लाइनला देणारा इन्व्हर्टर वीज गेली की आपोआप बंद होतो, हे विक्रेत्याने आधी सांगितलेच नव्हते. आता तो बॅटरीवरही चालणारा 'हायब्रीड' इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी गळ्यात मारू पाहतोय. दोन पंखे नि चार दिव्यांना घरातली जुनी बॅटरी पुरते की! वर, उरलेल्या विजेवर गीझर तापवणारे यंत्रही घ्या म्हणतो. नेट मीटरिंगमध्ये लाइनला परत दिलेले जास्तीचे युनिट बिलातून वजा होतात, मग ते कशाला? त्यापेक्षा चार वाजता टाकीची सावली पॅनेलवर पडते, तेवढी हटवून दे म्हणावं.

— एक वाचक, सातारा