पेटीच्या झाकणाआड

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल ताईबरोबर इथे जपानात हागीला जाऊन आले. रात्री फोनवर तू माळा रिकामा करायचं म्हणालास, तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. पण झोप लागेना, म्हणून हे पत्र.

हागी म्हणजे मोरी घराण्याच्या चोशू संस्थानचं जुनं राजधानीचं गाव. चुन्याच्या भिंतींवरून नात्सुमिकानची झाडं डोकावतात. पपनसाच्या कुळातलं आंबटगोड फळ आहे ते. अशाच एका गल्लीत कुमाया नावाच्या व्यापारी घराण्याचा वाडा आहे, 1768 सालचा. मिठागरं आणि सावकारी हा त्यांचा धंदा, संस्थानालाही तेच पैसा पुरवत. घरातल्या वस्तूंचं त्यांनी 1965 साली छोटं संग्रहालय केलं, तेही वाड्याच्याच कोठारांत. अशा कोठाराला तिकडे ‘कुरा’ म्हणतात. लाकडी घरांच्या गावात आग लागली की सगळं खाक व्हायचं, म्हणून मोलाचं सामान मातीच्या जाड भिंतींआड ठेवायचं.

मला सगळ्यात आवडले ते खोके. चहाचा साधा मातीचा वाडगा, पण त्याला मापाचा लाकडी खोका, वर सपाट विणीची दोरी. लाकूड किरी नावाच्या झाडाचं, वजनाला हलकं. दमट हवेत ते फुगतं आणि झाकण घट्ट बसतं, कोरड्या हवेत मोकळं होतं. झाकणावर शाईने लिहिलेलं असतं, वस्तू कोणती आणि कुणाच्या हातची. हे झाकण हरवलं तर वाडग्याची किंमतच उतरते, असं ताई म्हणाली. वर्षातून एकदा या वस्तू बाहेर काढून त्यांना हवा द्यायची तिकडे रीत आहे. आपण पैठणीची घडी मोडून हवा देतो ना, अगदी तसंच.

आणि तिथे एक पियानो आहे, जपानात टिकून राहिलेला सगळ्यात जुना. पियानो म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसला नाही. चार पायांवरचं लांबट टेबल वाटतं. लंडनला बनलेला. नागासाकीच्या डच वखारीत झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर 1823 साली आला, त्याच्याबरोबर हा आला. कुमाया घराण्याच्या त्या वेळच्या कर्त्याशी त्याची मैत्री जमली आणि 1828 साली डॉक्टरने पियानो त्याला देऊन टाकला. त्याच वर्षी झीबोल्टकडे देशाबाहेर न्यायला बंदी असलेले नकाशे सापडले. पुढच्या वर्षी त्याला हद्दपार केलं.

नंतर पियानो कोठारात पडून राहिला, तो 1955 साली पुन्हा उजेडात आला. समीर, इतकी वर्षं तो कुणी वाजवला नसेल, पण तो कुणाचा हे आजही सांगता येतं. कारण आत डॉक्टरच्या हातचं डच भाषेत लिहिलेलं आहे: माझा मित्र कुमाया याला आठवण म्हणून. खाली सही आणि 1828. ताईने ते वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथून हलेचना.

कारण मला आपल्या माळ्यावरची आजोबांची पेटी आठवली. तुला ती जुनं, भाता फाटलेलं लाकूड वाटत असणार, आणि त्यात तुझा दोष नाही. मी तुला कधी सांगितलंच नाही. गावच्या किराणा दुकानदाराच्या मुलीला आजोबा तीन वर्षं गाणं शिकवत होते, एक पैसा न घेता. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील डोक्यावर घेऊन आले ती पेटी. ‘मास्तर, नाही म्हणू नका,’ म्हणाले. आजोबांनी नाही म्हटलं नाही, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, हे आजी सांगायची. काळी चारमधला एक सूर दाबला की अडकतो, तो माझ्यामुळे. लहानपणी मी त्यात चिंचोका घातला होता.

हे सगळं आज फक्त माझ्या डोक्यात आहे. पेटीवर कुठेच लिहिलेलं नाही.

तेव्हा रविवारी जुनं सामान घेणारा आला की तांब्याचा बंब, लोखंडी कॉट, मोडका पंखा सगळं दे. पेटी देऊ नकोस. खाली उतरवताना दोघांनी धर, तिची मागची कडी सैल आहे. वाळवी लागली आहे का ते बघ, आत डांबराच्या गोळ्या ठेव आणि जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून माझ्या खोलीत, भिंतीपासून जरा लांब ठेव. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक घासपेपर मारून एक वीतभर जागा साफ कर. लिहायचं मी आल्यावर, तुझ्या अक्षरात. तुझं अक्षर आजोबांच्या वळणाचं आहे.

तुझी,
आई