शिबिराआधी थोडं

सोलापूर

प्रिय नागनाथ,

सप्रेम नमस्कार. बार्शीहून पाठवलेला, हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिराचा तुझा आराखडा वाचला. चाळीस मुलं, दोन दिवस, पाच पाहुणे आणि शेवटी बॅजवाटप. अरे, बॅज ठेव बाजूला आणि बाराच जण घे, सोळा ते पंचवीस वयाचे. चाळीस जण भाषणं ऐकून घरी जातील, बारांच्या हातून काम करून घेता येईल.

त्यात चार तरी मुली हव्यात. हिमोफिलिया मुलग्यांचाच, हा समज आपल्याच लोकांत घट्ट बसलाय. बापाला हिमोफिलिया असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते, आणि काही वाहक मुलींचा फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, इतका कमी असतो की पाळीत, दात काढताना त्यांनाही रक्तस्राव सोसावा लागतो. फॉन विलेब्रांड हा रक्तस्रावाचाच दुसरा आजार असलेल्या मुली तर कुणी मोजतच नाही. दुसरं म्हणजे भाषा. एक तेलुगू बोलणारा, एक कन्नड बोलणारा पाहिजेच. सोलापूरच्या पूर्व भागातली किंवा अक्कलकोटकडची आई मध्यरात्री घाबरून फोन करते तेव्हा मराठीतच बोलेल असं नाही.

तारीख १७ एप्रिलची धरू नकोस. जागतिक हिमोफिलिया महासंघ १९६३ साली उभा करणाऱ्या फ्रँक श्नाबेलचा तो जन्मदिवस, म्हणून तो हिमोफिलिया दिन. मान्य. पण आपला एप्रिल तुला ठाऊक आहे. टोचायचा फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. बाहेर काढला तरी बहुतेक प्रकारांना ३० अंशांपर्यंतच आणि ठरावीक काळच सवलत असते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी. नोव्हेंबरअखेर बरं. हॉल तळमजल्यावरचा बघ, आणि पाऊण तासाच्या वर कुणाला एका जागी बसवू नकोस, गुडघे आखडतात.

पहिला अख्खा दिवस फोनला दे. दोघांची जोडी, एकाने फोन करणारी आई व्हायचं, एकाने कार्यकर्ता. पाच प्रश्न पाठ पाहिजेत: ए की बी (ए म्हणजे फॅक्टर आठ कमी, बी म्हणजे नऊ), वजन किती, इन्हिबिटर (टोचलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं) आहे का, सध्या कोणतं औषध चालू आहे, कुठे आणि कधी लागलं. डोकं, मान, घसा किंवा पोट म्हटलं की चर्चा बंद, गाडी काढायची. डोक्याला मार असेल तर आधी फॅक्टर, मग स्कॅन. पोरं हमखास चुकतात ती इथेच. धीर द्यायच्या नादात ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून बसतात, किंवा आधी फोटो मागवतात. एमिसिझुमॅब (रक्तस्राव टाळायचं इंजेक्शन) चालू असेल तर ते अपघात विभागात पहिल्या वाक्यात सांगायला शिकव. त्या औषधावर एपीटीटी ही रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल दिसते, आणि रक्त गोठतंय असं समजून पेशंटला परत पाठवलं जाऊ शकतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, कमरेतलं इंजेक्शन, मालिश, या चार ‘नको’ फळ्यावरून पुसूच नकोस.

हिशेबाचा तास ठेव, पण कशासाठी ते आधी सांग. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, आपल्याला फक्त हातातल्या व्हायल (फॅक्टरच्या बाटल्या) पुरतील का ते कळायला हवं. वजन ६० किलो, पातळी ४० टक्क्यांनी वाढवायची. फॅक्टर आठ असेल तर ६० × ४० × ०.५, म्हणजे १२०० युनिट. एक हजाराची आणि एक अडीचशेची व्हायल. उरलेले ५० ओतून द्यायचे नाहीत, पूर्ण व्हायल लावायची. नऊ असेल तर अर्ध्याने गुणायचं नाही, सरळ २४०० घ्यायचे. बीच्या पेशंटला एचं गणित लावणारा एक तरी निघतोच. इन्हिबिटर असेल तर हे गणितच लागू नाही.

दुसऱ्या दिवशी कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आहे, हे ‘कुठंतरी वाचलं होतं’ अशा थाटात सांगून खिडकीवर चालत नाही. कायद्याच्या अनुसूचीची प्रत पिशवीत हवी. ‘फॅक्टर संपलाय, काहीतरी करा’ हा अर्ज फायलीत झोपतो. कोणत्या तारखेला किती पेशंट आले, किती युनिट मागितले, किती मिळाले, हे रजिस्टरमधून उतरवलेला अर्ज उत्तर मागतो. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. सुजलेल्या गुडघ्याचा फोटो नावासकट ग्रुपवर टाकायचा नाही. त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असतात, आणि इतकं झालं तरी ते घर आपल्याकडे यायचं थांबतं.

पदं वाटू नकोस. नव्वद दिवसांसाठी प्रत्येकाला दोन कामं दे, जोडीने. एकाला ब्लीडिंग झालं की तो आठवडाभर आडवा असणार, तेव्हा रजिस्टर दुसऱ्याच्या हातात असलं पाहिजे. पैशांवर दोन सह्या. हे तुला कडक वाटेल, वाटू दे.

आणि बर्फाची पेटी आणशील ती मोठी आण. व्हायल आणि बर्फ यांच्यामध्ये टॉवेलची घडी घाल, फॅक्टर गोठला की वाया जातो. टॉवेल इथलाच घेऊ, तेवढं ओझं नको आणूस.

तुझा,
श्रीशैल