कुपवाडची नोकरी आणि फोंड्याच्या कविता

फोंडा, गोवा
६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही मिरजेजवळच्या कुपवाडच्या नोकरीचं बोललात आणि मी 'बघते' एवढंच म्हणाले. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज सुट्टी आहे तर सविस्तर लिहायला बसले.

तुमचं म्हणणं सगळं खरं आहे. पगार जवळपास तेवढाच, राहायला आपलं घर, नातीला आजी-आजोबा, आणि तुमचा गुडघा किंवा आईचा डोळा दुखला तर हाकेच्या अंतरावर मी. यातलं एकही खोडून काढता येत नाही. तरी मला आणखी दोन-तीन वर्षं इथेच राहायचं आहे. यांची नोकरी हे एक कारण, ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं कारण मी आजवर नीट सांगितलेलं नाही. इथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही जण कविता वाचायला जमतो, आणि ते सोडून यायला माझं मन तयार नाही.

'कविता काय, मिरजेतही करता येतील,' असं आई म्हणेल. करता येतील गं. पण ऐकणारी ही माणसं तिथे नसतील.

एका वाचनालयाची वरची खोली आम्हाला मिळते. सतरंजी अंथरतो, खिडक्या उघडतो, पंखा फार आवाज करतो म्हणून बंद ठेवतो. माइक नाही, प्रमाणपत्रं नाहीत, शाल-श्रीफळ नाही. नियम दोनच. स्वतःची कविता वाचून झाली की उठून जायचं नाही, शेवटच्या माणसाचं ऐकूनच निघायचं. आणि प्रत्येक कविता दोनदा वाचायची. पहिल्या वाचनाला सगळ्यांनी गप्प राहायचं, 'वा वा' सुद्धा नाही. दुसऱ्या वाचनानंतर ज्याला जे खटकलं त्यानं ते तोंडावर सांगायचं. मोठ्या कविसंमेलनांत मी पाहिलंय, आपला नंबर झाला की कवी पिशवी उचलून निघतात आणि शेवटच्या कवीसमोर रिकाम्या खुर्च्या उरतात. आमच्या खोलीत शेवटी वाचणाऱ्यालाही तेवढेच कान मिळतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

हे नियम घातले ते आमच्या गुरुजींनी. मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वयानं बाबा, तुमच्याएवढेच. कोणी छंदात वाचायला लागलं की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो, अक्षरं मोजत. एक अक्षर जास्त झालं की अंगठा थांबतो. ते बोलत काही नाहीत, पण वाचणाऱ्याला कळतं.

आता माझ्या कवितेचं. मी औषधाच्या कारखान्यात ज्या विभागात काम करते तिथे आत जाताना पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख, मास्क, हातमोजे घालावे लागतात. फोन, पेन, कागदाचा कपटा, आपलं असं काहीच आत नेता येत नाही. रात्रपाळीला पहाटे तीन-चारच्या सुमाराला ओळी सुचतात आणि लिहायची सोय नसते. म्हणून मी अष्टाक्षरीकडे वळले. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी डोक्यात धरून ठेवता येतात. पाळी संपून बसमध्ये बसेपर्यंत त्या मनात घोळवत राहायचं आणि मग वहीत उतरवायच्या. मुक्तछंद असा टिकत नाही, बाहेर येईपर्यंत निम्मा सांडलेला असतो.

पावसाळ्यात अशीच एक कविता मी वाचली. तिचं हे कडवं:

रात्रपाळीची ही खोली
काचेआड थिजे घाम
दूर कुठेतरी आई
घेते विठ्ठलाचे नाम

दुसरं वाचन झाल्यावर गुरुजी म्हणाले, "दूर कुठेतरी म्हणजे कुठे?" मी म्हटलं, "मिरजेला. आई पहाटे उठून हरिपाठ म्हणते." त्यांचा अंगठा पेरांवरून फिरला आणि ते म्हणाले, "मग मिरज म्हणा ना. 'मिरजेच्या घरी आई'. मोजा, आठच भरतात." मी मोजली, आठच भरली. मग त्यांनी मला संपूर्ण कडवं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. आई, 'मिरजेच्या घरी' म्हणताना माझा आवाज लागेना. आपला तुळशीकडचा ओटा, तुझा टाळ, बाबांचं अंथरुणातून 'अगं हळू' म्हणणं, सगळं त्या खोलीत आलं. 'दूर कुठेतरी'मध्ये यातलं काहीही नव्हतं. ही माणसं एकमेकांच्या कवितेत इतकं लक्ष घालतात. कंपनीत माझ्या कामावर सह्या करणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या एका ओळीसाठी असा जीव लावणारं दुसरं कोणी माझ्या ओळखीत नाही.

आमच्यात कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, एक कंडक्टर आहेत. त्यांना ओळी सुचतात त्या बसमध्येच, आणि तिकीट मशीनच्या कागदाच्या उरलेल्या तुकड्यांवर ते त्या लिहून ठेवतात. वाचताना खिशातून असे चिटोरे एकेक काढत जातात. बाबा, तुम्ही मिरज-लोंढा मीटर गेजवर गार्ड होता हे मी त्यांना सांगितल्यापासून ते तुमची चौकशी करतात. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून रात्र काढणाऱ्या माणसानं काहीच लिहिलं नसेल, हे त्यांना पटत नाही. मी म्हटलं, लिहिलं असेल तर ते गाडीच्या वेळा आणि उशिराची कारणं एवढंच. ते म्हणाले, "तेच वाचायला सांगा." तुमची ती लोखंडी पेटी, लाल-हिरवी निशाणं, कंदील, यावर तुम्ही नुसते बोललात तरी ती खोली मन लावून ऐकेल, याची मला खात्री आहे.

आणि आई, तुझ्यासाठी एक बाई आहेत. म्हार्दोळच्या. म्हाळसेच्या देवळाजवळ जाईचे हार विकतात. तिथली जाई साऱ्या गोव्यात नावाजलेली. कळ्या उमलायच्या आत खुडायच्या आणि केळीच्या सोपाच्या ओल्या धाग्यात गुंफायच्या, हे त्यांचं लहानपणापासूनचं काम. शाळा चौथीपर्यंत. त्या कागद आणतच नाहीत, हात मांडीवर ठेवून ओवी म्हणतात. गेल्या महिन्यात म्हटलेली मी घरी येऊन लिहून ठेवली:

जाईच्या गे कळ्या माझ्या
देवीआधी उमलती
हात ओला, दोरा ओला
लेकी सासरी नांदती

कंडक्टर म्हणाले, "फुलांत लेकी कुठून आल्या?" तर त्या म्हणाल्या, "हार पुरा झाला की तो माझा थोडाच राहतो?" बास. दुसऱ्या वाचनाला कोणी काही सुचवलंच नाही. आजीबरोबर जात्यावर म्हटलेल्या तुझ्या ओव्या मी त्यांना सांगितल्या, मला येतात तेवढ्या. अर्ध्याहून जास्त मला येतच नाहीत. त्या म्हणाल्या, "आईक घेऊन ये."

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, गोव्यात कोकणी असताना मराठी कविता कोण ऐकतं. आमच्यातले बहुतेक जण घरी कोकणीच बोलतात. चहा-भजीच्या वेळी गप्पा कोकणीत, आणि वही उघडली की मराठी. काही जण दोन्हींत लिहितात आणि दोन्ही वाचतात. देवळातलं भजन, चवथीची घुमट-आरती, जत्रेतलं नाटक, हे सगळं इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीत चालत आलंय. कोकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्यावरून इथे माणसं किती दुखावली होती ते गुरुजी सांगतात, पण खोलीत तो वाद कोणी आणत नाही. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं आणि त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८१ मध्ये, कोकणी संग्रहाला. शंकर रामाणींचंही तसंच, मराठीत एवढं लिहून पुरस्कार कोकणीसाठी, १९९६ मध्ये. असे दोन कवी ज्यांच्या अंगणात झाले त्यांना एकाच भाषेचं कुंपण कसं मानवेल?

गुरुजींकडून मला जे कळलं त्यातलं तुम्हाला आवडेल असं एक सांगते. कवळ्याची शांतादुर्गा तुम्ही पाहिलीत ना, आपण दिवाळीनंतर गेलो होतो ती? ती देवी मुळात कवळ्याची नाही, सासष्टीतल्या केळशीची. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा, सोळाव्या शतकात, लोकांनी तिला तिथून रातोरात इकडे आणलं, कारण फोंडा तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. मंगेश आणि म्हाळसा यांचीही हीच कथा. आणि त्याच केळशीच्या कृष्णदास शामानं त्याआधी, १५२६ मध्ये, कृष्णचरित्र मराठी ओव्यांत लिहायला घेतलं होतं. पणजीचं मोठं सरकारी ग्रंथालय आज त्याच्या नावानं आहे. पुढे फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मप्रसारक आला. त्याला ख्रिस्ताची कथा लोकांपर्यंत न्यायची होती, तर त्यानंही ओवीच धरली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचं त्याचं पुराण १६१६ मध्ये छापून झालं. हे ऐकल्यापासून मी अक्षरं मोजताना वेगळ्याच जबाबदारीनं मोजते. फुलवाल्या बाई जे म्हणतात ते इतकं जुनं आहे आणि अजून बोलतं आहे, हे मला रोज नवलाचं वाटतं.

तर हे असं आहे. मी तुमच्यापासून लांब राहावं म्हणून कविता करते, असं मात्र मनात आणू नका. उलट इथे आल्यापासून मिरज माझ्या वहीत जितकी आली तितकी तिथे राहत असताना कधीच आली नव्हती. इथे मी एकटी पडले असेन, कामावरून घरी आणि घरून कामावर एवढंच माझं चालत असेल, ही आईची काळजी मला ठाऊक आहे. आई, नातीला ताप आला होता आणि हे दौऱ्यावर होते, तेव्हा रात्री दहाला रिक्षा घेऊन कंडक्टरांच्या मंडळी आल्या होत्या. त्या कविता करत नाहीत, पण नवऱ्याबरोबर येऊन सतरंजीच्या कडेला बसतात आणि सगळं ऐकतात.

आता कामाचं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय, त्यासाठी मी रजा टाकली आहे. आधीचे दोन दिवस आणि नंतरचा पूर्ण आठवडा मी तिथे असेन. डोळ्यात थेंब घालणं, स्वयंपाक, सगळं माझ्याकडे. बाबांनी त्यात पडायचं नाही. आणि दर दोन महिन्यांनी मी येतेच आहे, ते तसंच चालू राहील. दोन-तीन वर्षांनी नातीची शाळा बदलायची वेळ येईल, तेव्हा कुपवाड-मिरजेचा विचार आपण पुन्हा बसून करू. मी तो विषय बंद केलेला नाही.

पण त्याआधी तुम्ही दोघांनी इकडे यायचं. ३० नोव्हेंबर हा बोरकरांचा जन्मदिवस, यंदा तो रविवारी येतोय. त्या दिवशी खोलीत न बसता बोरीला जायचं ठरलंय, त्यांच्या मूळ गावी. फोंड्याहून अगदी जवळ, जुवारीच्या काठी. सकाळी प्रत्येकानं त्यांची आपल्या आवडीची एक कविता म्हणायची आणि मग स्वतःची एक. आईनं ओव्या म्हणायच्या, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय.

गोवा एक्स्प्रेसनं या. बाबा, तुमच्या ओळखीचीच वाट आहे, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, मग घाट उतरून कुळें. पुढे कुडचड्याला, सावर्डे स्टेशनवर उतरा. बोरकरांचा जन्म कुडचड्याचाच. मी गाडी घेऊन फलाटावर उभी असेन, सामान उचलायची घाई करू नका. दूधसागर वाटेतच लागतो, पण ही गाडी तिथून अंधारात जाते, आणि आईला आत्ता तसंही नीट दिसणार नाही, तर तिला खिडकीशी बसवून तुम्हीच सांगा कुठे काय आहे ते.

तिकिटं मी इथून काढते. शुक्रवारचं काढू की शनिवारचं, एवढं मला फोन करून कळवा. खालचे बर्थ मिळतील असं बघते. गुडघ्याचा पट्टा आणि आईची डोळ्याची फाइल आठवणीनं सोबत ठेवा. येताना शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली आणि तुळशीला पाणी घालायचं सांगून या. आणि आई, तुझी ती ओव्यांची जुनी वही, जिच्यात मामानं लिहून दिलंय, ती माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. बाबांना वर चढू देऊ नकोस, शेजारच्या मुलाला सांग.

नातीनं आजोबांसाठी रेल्वेचं चित्र काढलंय, सोबत पाठवते. शेवटच्या डब्यात तुम्ही आहात.

तुमची,
धाकटी