उखडलेला सिमेंट रस्ता त्याच रस्त्याखाली वापरा

संपादक महोदय,

शहरातले डांबरी रस्ते सिमेंटचे झाले तसे अनेक वस्त्यांत रस्ता वर आणि घराचा उंबरठा खाली अशी गत झाली. पावसाळ्यात त्याचे काय होते, ते नागपूरकरांना सांगायला नको. आता जुने सिमेंटचे पट्टे जिथे तडकतील, तिथे पुन्हा वरूनच थर द्यायचा मोह होईल. तो टाळावा. जुना स्लॅब पूर्ण उखडून क्रशरमधून काढावा आणि त्याच रस्त्याच्या खालच्या थरात वापरावा. रस्त्याची पातळी वाढत नाही आणि पाचगावकडच्या खाणींतली तेवढी गिट्टीही वाचते.

हिशेब मांडून पाहा. एक किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २०० मि.मी. जाड स्लॅब म्हणजे १,४०० घनमीटर काँक्रीट, वजनाने साधारण ३,३५० टन. १६ टन माल नेणाऱ्या टिप्परच्या दोनशेवर फेऱ्या. आता नव्या स्लॅबखाली १५० मि.मी. जाडीचे ड्राय लीन काँक्रीट (डीएलसी, म्हणजे कमी सिमेंटचे, कोरडेसर, रोलरने दाबायचे काँक्रीट) टाकायचे तर ते १,०५० घनमीटर लागते आणि त्यात गिट्टी व चुरी मिळून साधारण २,१०० टन जाते. म्हणजे डीएलसीचा सगळा माल जुन्या स्लॅबमधूनच निघतो, वर काही उरतोही. निविदेत मात्र मलबा वाहून नेण्याचे पैसे वेगळे आणि नव्या गिट्टीचे वेगळे धरले, तर हे कुणीच करणार नाही.

नियमांची अडचण नाही. गिट्टीचे भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीने लीन काँक्रीटमध्ये पुनर्वापराची गिट्टी १०० टक्के चालते असे म्हटले आहे. साध्या काँक्रीटमध्ये मर्यादा २५ टक्के, तर सळयांच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तीही एम-२५ (२५ मेगापास्कल ताकदीच्या) प्रतीपर्यंतच. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी १२१ हे स्वतंत्र मार्गदर्शक २०१७ पासून आहे. वरच्या एम-४० च्या स्लॅबमध्ये मात्र ही गिट्टी घालावी असा आग्रह आम्ही धरणार नाही. दाण्याला चिकटलेला जुना मसाला झिजतो आणि काँक्रीटचे आकुंचनही वाढवतो. टायर ज्यावर फिरतात तो थर खाणीच्या काळ्या दगडाचाच असू द्यावा.

काम बिघडते ते क्रशरवर नव्हे, उखडताना. पोकलेनचा बकेट स्लॅबसोबत खालचा मुरूम आणि काळी माती ओरबाडून आणतो आणि सगळे एकाच टिप्परमध्ये पडते. एकदा माती मिसळली की चाळणी फार मदत करत नाही. म्हणून आधी ब्रेकरने तुकडे पाडावेत, सांध्यांतले सीलंट व थर्माकोल काढावे, डॉवेल आणि टाय बार (सांध्यांत स्लॅब जोडणाऱ्या सळया) कापून वेगळे ठेवावेत आणि मगच तुकडे उचलावेत. साइटवरची एक सोपी परीक्षा आहे. मूठभर बारीक चुरी ओली करून बोटांनी वळून पाहावी. तीन मिलीमीटर जाडीचा दोरा वळला गेला तर माती आहे. तो ढीग डीएलसीला नेऊ नये. घरे पाडलेला मलबा तर यात नकोच. त्यातले पीओपी म्हणजे जिप्सम. त्याचा सल्फेट सिमेंटशी ओलाव्यात क्रिया करून फुगतो आणि थर खालून उचलला जातो. विटांच्या त्या मलब्याला भरावात किंवा फूटपाथखाली जागा आहे.

दुसरी गडबड पाण्याची. खाणीचा चांगला दगड एखाद टक्का पाणी शोषतो, ही गिट्टी सहज चार-पाच टक्के, कधी त्याहून जास्त. नागपूरच्या उन्हात तापलेला कोरडा ढीग थेट मिक्सरमध्ये गेला की मिश्रणातले पाणी गिट्टीच पिऊन टाकते. रोलरखाली माल दबत नाही, वर भुगा सुटतो. मग कुणीतरी पाइपने वरून पाणी मारतो आणि ताकद गेलीच म्हणून समजा. उपाय स्वस्त आहे: आदल्या रात्री ढिगावर टँकरने पाणी मारून ताडपत्री टाकायची, सकाळी ओलावा मोजायचा आणि तेवढे पाणी मिक्सरमधून वजा करायचे. ढीग ऊन-पावसात उघडा ठेवला तर दर खेपेचा ओलावा वेगळा येतो, तेव्हा हे मोजमाप रोजचे. माल मिसळल्यापासून दीड तासाच्या आत दाबून झाला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये हे काम रात्रीच करावे.

निचऱ्याच्या थरात मात्र ही गिट्टी टाळलेली बरी. तिच्या बारीक भुकटीतून चुना विरघळतो, हवा लागली की पांढऱ्या पुटासारखा साचतो आणि जिओटेक्स्टाइल (पाणी गाळणारे कापड) व निचऱ्याची भोके बुजवतो. काळ्या मातीवरच्या रस्त्याखाली पाणी अडले की माती फुगते, वरचा स्लॅब कितीही चांगला असो.

महापालिकेने पुढच्या निविदेत ‘जुना स्लॅब उखडणे, फोडणे, चाळणे व डीएलसीत वापरणे’ ही एकच बाब धरावी आणि देयक माती-मुक्त मालाचेच द्यावे. आधी दोनशे मीटरचा चाचणी पट्टा करावा. त्याचे सात दिवसांच्या क्यूबची (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांची) ताकद, पाणीशोषण आणि घनतेचे अहवाल व्हीएनआयटीसारख्या त्रयस्थ अभियांत्रिकी संस्थेकडून घ्यावेत. सरासरी ताकद ७ मेगापास्कलला पोचली नाही तर तो पट्टा कंत्राटदाराने स्वखर्चाने काढावा, अशी अट निविदेतच असावी.

— रस्ते बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते, नागपूर