बाबा, इथला पूल बाजूला होतो

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आमचं जहाज पुन्हा कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाला लागलं. या हंगामातली ही सहावी खेप. केबिनी आवरून झाल्यावर तीन तासांची सुट्टी मिळाली. बाकीच्या मुली धक्क्याजवळ वायफाय शोधून घरी फोन लावतात. मी दर वेळी सरळ पुलाकडे जाते. बाबा, या पुलाबद्दल तुम्हाला सांगायचं कधीचं मनात आहे, पण फोन दोन मिनिटांत तुटतो. म्हणून आज लिहितेच.

इथल्या विलेमस्टाड शहराच्या मधूनच खाडी आत गेली आहे. एका काठाला पुंडा, दुसऱ्या काठाला ओत्रोबांदा. ओत्रोबांदा म्हणजेच पलीकडची बाजू. मधे १८८८ साली बांधलेला क्वीन एमा पूल. त्याला खांब नाहीत, सोळा तराफ्यांवर तो तरंगतो. आत जहाज यायचं झालं की घंटा वाजते, टोकाशी इंजिन सुरू होतं आणि १६७ मीटरचा अख्खा पूल दारासारखा फिरून काठाला लागतो. नारिंगी बावटा असला तर थोडाच वेळ, निळा असला तर बराच. तोवर माणसांना पलीकडे न्यायला होडी असते, तीही फुकट.

काल निळा होता. प्रवासी घड्याळं बघत होते, गावातल्या बायका मात्र पिशव्या सावरत निवांत होडीकडे निघाल्या. मला रेवसचा धक्का आठवला. तुम्ही उरणला कामाला जायचात, मी मागे लागून यायचे आणि करंजाची होडी येईपर्यंत आपण शेंगदाणे खात बसायचो. तिथल्या पुलाच्या नुसत्या गोष्टी ऐकत तुम्ही रिटायर झालात. पूर्वी इथल्या पुलावर टोल होता म्हणे, पण तो जोडे घालणाऱ्याला, अनवाणी माणसाला माफ. ज्यानं कुणी हा नियम केला, त्याच्या मनात गरिबाचा विचार होता.

आई, तुझ्यासाठी वेगळी गोष्ट. पुंड्यात १७३२ सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. आत पाऊल टाकलं आणि थबकलेच, खाली फरशी नाही, सगळीकडे वाळू! स्पेन-पोर्तुगालात त्यांना लपूनछपून प्रार्थना करावी लागायची, पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जमिनीवर वाळू पसरायची, त्याची ही आठवण, असं सांगतात. आपल्याकडच्या इस्रायल आळीतल्या ज्यू मावशी डोळ्यांसमोर आल्या. त्या आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायच्या, आणि त्यांच्या घराण्यात शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे तूच सांगितलं होतंस. त्या भेटल्या तर हे नक्की सांग. रात्री बूट झटकले तेव्हा चिमूटभर वाळू पडली, बारीक, पांढरट. किती तरी वेळ झाडावीशी वाटेना.

खाडीकाठची ती रंगीत घरं तुम्हाला फोटोत पाठवली होती. १९९७ पासून हा भाग जागतिक वारसा आहे. सकाळी हजारो माणसं उतरतात, घरांसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. जेवण तर जहाजावर आधीच भरलेल्या पैशांत असतं, मग गावात कोण जेवणार? मला त्यांचा राग येत नाही, तीही वर्षभर राबून आलेली असतात. पण दुपारी भरलेल्या ताटांपुढे माशा वारत बसलेली खानावळवाली पाहिली की पोटात तुटतं. म्हणून मी तिच्याकडेच जेवते. आता ती मला ओळखते, लांबूनच 'बॉन दिया' म्हणते, आणि माझ्या ताटात एक तुकडा जास्त पडतो.

मागच्या खेपेला लाराहा नावाचं इथलं कडू संत्रं पाहिलं. स्पॅनिश लोकांनी आणलेली संत्री इथल्या कोरड्या जमिनीत इतकी कडू झाली की खाता येईनात, पण वाळवलेल्या सालीला काय वास! तिच्यापासून ते दारू करतात. मी साल हातात धरून उभी होते आणि मला तुझी उटण्याची परात दिसत होती.

बाबा, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलू नका. पैसे सोमवारी जमा होतील. आईला एकटीला धावपळ नको, दादाला बोलावून घ्या. माझा करार ऑक्टोबरात संपतोय, दिवाळीला मी घरी. आई, संत्र्याच्या साली वाळवून ठेव, पण कुटू नकोस. त्या मी आल्यावर कुटीन.

तुमची,
छकुली